वनमालाताई आन् गुरुजीच्या गाडीचा मेंदू

तुमसरात मले नितेश म्हणून कोणी ओळखत नाही. रेडिओ म्हणा, भंडारा रोडवरचा पानठेलेवाला लगेच बोट दाखवते, "तो का? तो पाहा, त्या बोनटखाली बडबड करून राहिला." मी कोणाची बी नक्कल करतो. आमच्या सेठची करतो, तहसीलमधल्या बाबूची करतो, राइस मिलच्या भोंग्याची करतो. गाड्याइची तं विचारूच नका. तीन सिलिंडरची गाडी एका सिलिंडरनं रुसली तं कशी चालते, ते मी तोंडानं करून दाखवतो, आन् गिऱ्हाईक स्वतःच्या गाडीचं दुःख विसरून पोट धरून बसते.

एकच माणूस असा भेटला का ज्याची नक्कल मले जमली नाही. वनमाला रामटेके. आमच्या गॅरेजची वायरिंगवाली. नक्कल कराले काही तरी धराले लागते ना. कोणी बोलाच्या आधी खाकरते, कोणी शब्दाच्या शेपटीले ओढते, कोणी हात नाचवते. ही बाई बोले तं तेवढंच, चाले तं तेवढंच. मी सेठची नक्कल केली का सगळं गॅरेज लोळे, आन् ताई शेवटपर्यंत शांत ऐकून घेये, मंग म्हणे, "झालं का? दहा नंबरचा पाना दे."

सरळच सांगून टाकतो. मी तिच्यावर जळत होतो. थोडासा नाही. दोन वर्ष, रोज, सकाळी साडेनऊपासून शटर पडेपर्यंत.

ताई मूळची अड्याळची, पवनीकडली. आयटीआय करून पहिले टीव्ही दुरुस्त करे. मंग लोक टीव्ही दुरुस्त कराचं सोडून नवाच आणू लागले, तवा ती गाड्याइच्या वायरिंगमध्ये आली. चाळिशीची असन. तुमसरात एक खोली करून राहे, शनिवारी संध्याकाळी अड्याळले जाये आन् सोमवारी सकाळी डब्यात लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन परत. वडे सगळ्याइले वाटे. मले दोन जास्त. त्याचा बी मले राग ये.

ती आली त्याच हप्त्यात एक ठेकेदार जीप घेऊन आला. ताई बोनटात वाकलेली, आन् हा तिच्या डोक्यावरून इकडेतिकडे पाहून विचारते, "मिस्त्री कुठं आहे?"

ताई वाकूनच म्हणे, "मिस्त्री पाणी प्याले गेला जी. तवरक मी पाहून राहिली."

ठेकेदार खुर्चीवर बसला. अर्ध्या तासात जीपच्या चार्जिंगचा लाल लाइट विझला. ताईनं बोनट पाडलं, हात पुसले. ठेकेदार म्हणे, "मिस्त्री काही आला नाही वाटते?"

"त्याले तहान जास्त आहे," ताई म्हणे.

त्या दिवसापासून तो ठेकेदार गेटातूनच हाक मारते, "ताई आहे का?" मी तिथंच उभा राहतो. मी नमस्कार करतो. तो माह्याकडे पाहून हसते. मी अजून काही बोललो बी नसतो, तरी आधीच हसून ठेवते. लोक माह्या तोंडाले ओळखत, हाताले नाही. हे मले तवा बी टोचत होतं, आता बी टोचते.

तिच्या सवयी सांगतो. कोणाच्या बी गाडीत बसाच्या आधी ती चप्पल बाहेर काढे. भंगारात जाणारी का असंना, काढेच. मी एकदा विचारलं, "काहून वं ताई, देऊळ आहे का?" तं म्हणे, "दुसऱ्याचं घर आहे ना, बापू." बसाले तिले ऑइलचा उपडा डबा लागे, खुर्ची नाही. आन् व्होल्ट मोजाच्या मीटरवर जे आकडे येत, ते ती बॉलपेननं डाव्या हातावर लिहे. मनगटापासून सुरुवात, संध्याकाळपर्यंत कोपर. घरी जाऊन वहीत उतरवे, मंगच हात धुये. भाचीच्या लग्नाहून आली तं उजव्या हातावर मेंदी आन् डावा हात कोरा. मी म्हटलं, "अर्धीच लावली?" ती म्हणे, "सोमवारी काम होतं ना."

तिच्या पिशवीत एक जुना हेडलाइटचा बल्ब राहे, दोन वायरी जोडलेला. गाडी कोणती बी येवो, ताई पहिले बॅटरीची अर्थिंग पाहे. "आधी जमीन पाहा," म्हणे, "मंग आभाळ पाहा." मीटर असून बी ती बल्ब लावे. मी हसलो तवा तिनं एका कुजक्या वायरीले, जिची एकच तार उरली होती, मीटर लावून दाखवलं. बारा व्होल्ट. एकदम टकाटक. मंग तिथंच बल्ब लावला, तं नुसता लालसर धागा. "मीटर कोणाले बी हो म्हणते," ताई म्हणे. "बल्बाले काम करा लागते. त्याले खोटं बोलता येत नाही."

माह्याजवळ स्कॅनर होता. मोबाइलले जोडाचा. गाडीले लावला का स्क्रीनवर इंग्रजीत कोड येये, आन् गिऱ्हाईक असा पाहे जसं का मी ऑपरेशनच करून राहिलो. मी वाचून दाखवतानी आवाज बी डॉक्टरचा काढत होतो. ताई माह्या स्कॅनरले कधी वाईट बोलली नाही. नुसतं विचारे, "तो काय म्हणते ते समजलं. कायले म्हणते?"

तं आमच्या जुन्या उस्तादले दिसणं कमी झालं आन् त्यानं काम सोडलं. गॅरेजले हेडमिस्त्री पाहिजे होता. आमच्या सेठची पद्धत अशी का हेडमिस्त्रीचं नाव पाटीवर लिहिल्या जाते, सेठच्या नावाखाली, लाल रंगात. जागा एक आन् माणसं दोन, मी आन् ताई. मले ते नाव पाहिजे होतं. माहे बाबा चारचौघात सांगत, "आमचा पोट्टा तोंडाच्या धंद्यात आहे." मले वाटे, एकदा ती पाटी त्याइच्या सायकलसमोर आली पाहिजे.

त्याच उन्हाळ्यात पटले गुरुजी गाडी घेऊन आले.

गुरुजी सिहोऱ्याचे, रिटायर हेडमास्तर. गाडी पांढरी, छोटी, पेट्रोलची, अठरा-वीस वर्षाची. तिले कोणी जुनी म्हटलं तं गुरुजी दुरुस्त करत, "ज्येष्ठ." त्याइची मराठी पुस्तकातली. मी त्याइची नक्कल फुकटात करतो.

"नितेश," गुरुजी म्हणाले, "वाहन मध्येच प्राण सोडते. अर्धा तास सुरळीत चालते आणि मग निश्चेष्ट. थोडी विश्रांती दिली की पुन्हा सचेतन."

मी ताईच्या आधी धावलो. स्कॅनर लावला. थ्रॉटलच्या सेन्सरचा कोड. सेन्सर बदलला. गुरुजी सिहोऱ्याकडे निघाले, अर्ध्या रस्त्यातून फोन, "नितेश, पुन्हा निश्चेष्ट." आता कोड आला तापमानाच्या सेन्सरचा. तो बी बदलला. पुन्हा फोन. आता हवेच्या दाबाचा सेन्सर. तिसऱ्यांदा गुरुजी फोनवर फक्त "नितेश" म्हणाले आन् एक मोठा श्वास सोडला. गाडी दोरीनं ओढत आणली.

सेठ गल्ल्यावरून खाकरले. "रेडिओ, तू गाडी दुरुस्त करून राहिला, का तिचे दागिने बदलून राहिला बे?"

सगळे हसले. रोज सेठची नक्कल करून हसवणारा मी, आन् आज हसणं माह्यावरच. मंग सेठनं सगळ्याइसमोर सांगून टाकलं, "आयका. ज्याच्या हातानं ही गाडी सुरू होईन आन् आठ दिवस बंद पडणार नाही, पाटीवर नाव त्याचं. मंग मले विचारू नका."

ताई डब्यावरून उठली. हातातलं काम ठेवलं. मले वाटलं आता गाडीकडे जाईन, तं ती माह्याकडे आली.

"रेडिओ, ही बंद पडतानी तू गाडीत होता ना?"

"होतो ना. दोनदा."

"तो आवाज काढ बरं."

दोन वर्षात पहिल्यांदा तिनं मले आवाज काढाले सांगतलं. मी तं तयारच. श्वास भरला, आन् काढला. घुर्रर्र चालून राहिली, चालून राहिली, आन् टप.

"अजून एकदा."

घुर्रर्रर्र. टप.

"मधी खोकलली नाही? धक्के नाही देल्ले?"

"नाही ना वं. होता तसाच काढला."

"मंग पेट्रोलचं नाही हे," ताई म्हणे. "पेट्रोल कमी पडलं असतं तं खोकलत खोकलत मेली असती. ही एकदम गेली. कोणी तरी मागून स्विच बंद केल्यासारखी. करंट आहे."

तो आवाज माह्या तोंडात होता. तीन दिवस मी तोच आवाज काढून पोट्ट्याइले हसवत होतो. त्यातून मले हसू निघालं आन् तिले रोग निघाला. तवा मी जेवढा जळलो, तेवढा कधी जळलो नसन.

ताईनं चप्पल काढली, डाव्या बाजूच्या सीटपुढं जिथं पाय ठेवतेत तिथं उकिडवी बसली, डॅशबोर्डच्या खालचं झाकण काढलं. तिथं तो राहते, गाडीचा कॉम्प्युटर. आम्ही ईसीएम म्हणतो. चपटा डबा, टिफिनएवढा. पेट्रोल किती फेकाचं, ठिणगी कवा टाकाची, सगळं तोच ठरवते. तिनं पहिले त्याची जमीन पाहिली, मंग त्याच्याकडे येणारा करंट. दोन्हीकडे बल्ब लख्ख.

"म्हंजे याले खाले-प्याले बरोबर भेटून राहिलं," ताई म्हणे. "आता हा दुसऱ्याइले काय देते ते पाहू. गुरुजी, तुमच्या शाळेत एका दिवशी सगळे पोट्टे बिमार पडले असते तं तुम्ही काय पाहिलं असतं?"

गुरुजी क्षणभर बी थांबले नाहीत. "खिचडी."

"हो जी. तीन सेन्सर एकदम बिमार पडत नाहीत. तिघाइची खिचडी एकच आहे. हा डबा त्याइले पाच व्होल्ट देते."

गाडी थंड होती तवा पाच व्होल्ट बरोबर येत होते. ताईनं सेन्सर एकेक काढून पाहिले, का एखादा सेन्सरच तं खाली ओढत नाही. नाही. मंग मले बाजूच्या पार्लरमध्ये पाठवलं, केस वाळवाची मशीन आणाले. पार्लरवालीनं विचारलं, "कोणाचे केस?" मी म्हटलं, "गुरुजीच्या गाडीचे." इंजिन सुरू ठेवून ताईनं त्या डब्यावर गरम हवा सोडली. मीटरवर पाच. पाच. चार पॉइंट सात. चार. सव्वातीन. टप. गाडी मेली. ओल्या फडक्यावर प्लास्टिक गुंडाळून डबा थंड केला, चाबी फिरवली, गाडी सुरू. ताईनं सगळे आकडे हातावर लिहिले.

"गुरुजी, तुमच्या गाडीचा मेंदू गेला जी."

गुरुजी खरंच खाली बसले. "वयोमानाने?"

"खोलून पाहतो," ताई म्हणे.

गुरुजी चहाले गेले. ताईनं डबा टेबलावर घेतला, पेच काढले, झाकण उचललं. मी तिच्या खांद्यावरून पाहत होतो. बोर्डाच्या एका कोपऱ्यात हिरवट-पांढरी बुरशी, तांब्याच्या रेघा खाल्लेल्या, एक बारका डबीसारखा भाग पोट फुगून बसलेला. आन् त्या हिरव्यात पिवळा डाग. हळद. आन् जोडणीच्या खाचेत अडकलेले तांदळाचे दोन दाणे, कुंकू लावलेले.

ताईनं चिमट्यानं एक दाणा काढून तळहातावर ठेवला. माह्याकडे पाहिलं नाही. पण मले सगळं आठवलं. गेल्या पोळ्याच्या आसपास गुरुजी सर्व्हिसिंगले आले होते, आन् मी मोठ्या रुबाबात झाकण काढून त्याइले दाखवलं होतं, "गुरुजी, हा पाहा तुमच्या गाडीचा मेंदू. इंजिन-बिंजिन सगळं याच्यापुढं चपराशी." सर्व्हिसिंगमध्ये ते झाकण काढाचं कामच नव्हतं. मले भाव खाचा होता. आन् गुरुजी म्हंजे जन्मभर मेंदूचा मान ठेवणारा माणूस. दसऱ्याले सगळी दुनिया गाडीच्या बोनटले हार घालते, चाकाखाली लिंबू ठेवते. गुरुजीनं आत वाकून मेंदूची पूजा केली होती. हळद, कुंकू, अक्षता. आन् वरून नारळाचं पाणी. दिवाळीत त्याइनं मले स्वतः सांगतलं बी होतं, "यंदा आम्ही बुद्धीचे पूजन केले, नितेश." मी म्हटलं होतं, "वा गुरुजी!"

गुरुजी चहा घेऊन परत आले. विचारलं, "कारण काय निघाले?"

मी ताईकडे पाहिलं. आता ही एक वाक्य बोलन आन् पाटी तिची. बोलाचा हक्क बी होता तिचा.

"ओल गेली जी आत," ताई म्हणे. तांदळाचा दाणा तिनं मुठीत घेतला होता. "आन् गुरुजी, येत्या दसऱ्याले नारळ बोनटसमोर फोडा. आतमध्ये नुसतं फूल ठेवा."

गुरुजीनं मान हलवली, जसा चांगला विद्यार्थी हलवते. त्याइले समजलं का नाही, मले माहीत नाही. मले समजलं. तिनं मले वाचवलं, हे मले सहन झालं नाही. माणसानं निदान एखाद्या गोष्टीत तं आपल्यापेक्षा खाली असावं.

"हे सोल्डरचे टाके मारून चालन," ताई सेठले म्हणाली, "पण रेघा खाल्ल्या गेल्या. गुरुजीले रस्त्यात दगा देईन. दुसरा डबा पाहा लागते."

"मी आणतो," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तुमसर रोड स्टेशनवरून नागपूरले गेलो. जुन्या गाड्याइच्या भंगार बाजारात दुपारपर्यंत फिरलो, नंबरावर नंबर जुळवला, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. परत येतानी डबा मांडीवर घेऊन बसलो, जसं लेकरू घेऊन बसतेत. आल्याआल्या मीच लावला. ताईले म्हटलं, "तू राहू दे, मी आहे ना." ती बाजूले झाली.

चाबी फिरवली. इंजिन एक, दोन सेकंद बोललं आन् बंद. पुन्हा फिरवली. एक, दोन, बंद. डॅशबोर्डवर चाबीच्या चित्राचा लाइट डोळे मिचकावून राहिला होता. मी दहा वेळा फिरवली. अकराव्यांदा सेठ गल्ल्यावरून ओरडले, "अबे, बॅटरीचा जीव घेशीन का आता?"

मंग ताई हळूच म्हणे, "त्या चाबीत बारकी चिप आहे. हा डबा दुसऱ्याच्या घरचा. तो आपल्या चाबीले ओळखत नाही, म्हणून चोर समजून बंद करते. तू त्या गाडीची चाबी बी आणाची होती."

"आधी काहून नाही सांगतलं?"

"तू म्हटलं ना, राहू दे."

सेठ आन् गुरुजी समोरच्या टपरीवर चहाले गेले. ताईनं जुना डबा घेतला. बुरशी एका कोपऱ्यात होती, दुसऱ्या कोपऱ्यात आठ पायाची एक चिप, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. चाबीची ओळख तिच्यात लिहिलेली राहते. तिनं दोन्ही डब्यातल्या चिपा काढल्या, आन् जुनीची नव्यात बसवली. डोळ्याले भिंग, हातात बारीक टोकाची सोल्डरिंग. आठ पाय, आठ टाके. एका पायाले टाका धरेना, तं पुसून पुन्हा लावला. हात असा थांबलेला, जसा का तो तिचा नाहीच, टेबलाचाच एक भाग आहे. मी बाजूले उभा राहून पंखा बंद केला, का हवेनं हालू नये. तेवढंच माहं योगदान.

डबा गाडीत लावला. ताई पुन्हा पायाच्या जागेत उकिडवी, मीटरच्या वायरी हातात, डोकं डॅशबोर्डच्या खाली.

"रेडिओ, बस वर. चाबी फिरव."

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. चाबी फिरवली. इंजिन बोललं. एक, दोन. मी श्वास धरला. तीन, चार, दहा. चाबीचा लाइट विझला. गाडी अशी गुळगुळीत चालू लागली जसं काही झालंच नव्हतं.

त्याच वेळी सेठ आन् गुरुजी फाटकातून आत आले. ताई खाली होती, बाहेरून दिसत नव्हती. दिसत होतो मी, स्टिअरिंगवर हात ठेवून.

"नितेशने केले!" गुरुजी टाळ्या वाजवत म्हणाले. "सचेतन!"

"शाबास बे, रेडिओ," सेठ म्हणाले. "नागपूरहून आणला तो चालला तं. मी म्हणतच होतो, पोट्ट्यात दम आहे."

मले फक्त दोन शब्द बोलाचे होते. "सेठ, ताईनं." झालं. जे तोंड झोपेत बी बंद राहत नाही, ते तोंड तवा बंद राहिलं. मी हसलो. आन् गाडीची रेस थोडी वाढवली.

आठ दिवस गाडी चालली. नवव्या दिवशी पेंटर आला. सेठच्या नावाखाली लाल रंगात लिहिलं, हेडमिस्त्री नितेश. बाबांनी सायकल थांबवून वाचलं, आन् काही न बोलता पुढं गेले. त्याइच्या हिशोबानं हे कौतुकच होतं.

मी वाट पाहत राहिलो. ताई आज टोमणा मारन, उद्या मारन. मनात मी उत्तरं बी तयार करून ठेवली होती, एकापेक्षा एक. पाटी लागली त्या दिवशी ती रस्त्याच्या त्या बाजूले जाऊन पाहून आली आन् म्हणे, "चांगली रंगवली. 'नि'ची वेलांटी जरा मोठी झाली." बस्. सोमवारी वडे आले. मले दोन जास्त. ती थोडीशी बी जळली असती ना, तं माहं बरं झालं असतं. दोघं मिळून जळलो असतो. तिनं मले एकट्यालेच जळत ठेवलं.

गिऱ्हाईक गेटातून हाक मारतच राहिले, "ताई आहे का?" मी पाटीखाली उभा राहत होतो, ते पाटी वाचत, माह्याकडे पाहून हसत, आन् आत तिच्याकडे जात.

दिवाळीनंतर तिनं काम सोडलं. अड्याळले घरीच टेबल मांडतो म्हणे, नुसते ईसीएम दुरुस्त करन. सेठनं लई समजावलं. मी बी समजावलं, तोंडानं. मनात म्हटलं, चला, सुटलो. आन् ती गेल्याच्या चौथ्या दिवशी एक गाडी आली जिचं मले काहीच समजेना, तं मी सवयीनं मागं वळून तिच्या डब्याकडे पाहिलं. डबा रिकामा होता. त्याच्यावर कोणी तरी चहाचा कप ठेवला होता.

यंदा फेब्रुवारीत एक डबा घेऊन मले अड्याळले जा लागलं. चार दिवस लढलो, नाही जमलं. सेठनंच सांगतलं, "जा, ताईले दाखव." बाजाराचा दिवस होता. तिचं घर रस्त्याले लागूनच, समोर सपरी, पडवीच म्हणा, सपरीत टेबल. टेबलावर डब्याइची रांग, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी आन् नंबर. गोंदियाचे, बालाघाटचे, एक तं नागपूरच्या मोठ्या वर्कशॉपचा. एसटीनं पार्सल येतेत म्हणे.

"अरे रेडिओ! बस बस. सेठ कसे आहेत? खोकला गेला का?"

मी डबा दिला. तिनं चिठ्ठी लावली. बावीस.

"बावीस?" मी म्हटलं. "ताई, हेडमिस्त्री आहो जी मी. थोडं वर घे ना."

"एकवीसवर मिक्सर आहे बापू. त्या बाईच्या घरी उद्या पाहुणे आहेत. कसं घेऊ?"

मी पाणी पेलो. तिच्या डाव्या हातावर आकडे होते, कोपराच्या वर गेलेले. म्हटलं, आता बोलूनच टाकतो.

"ताई, ते गुरुजीच्या गाडीचं. त्या दिवशी चाबी मी फिरवली होती. सेठले वाटलं मीच केली. आन् मी काही बोललो नाही."

तिनं भिंग डोळ्यावरून वर सारलं. कपाळाले आठ्या पाडून आठवू लागली.

"ती हळदीवाली का? हो. पाचव्या पायाले टाका धरत नव्हता तिच्या, दोनदा लावला. आन् नंतर चार पॉइंट नव्व्याण्णव आले होते. एवढे नव्या गाडीले बी येत नाहीत." तिचा चेहरा खुलला. मंग म्हणे, "चाबी कोणं फिरवली ते मले काय माहीत. माही नजर मीटरवर होती ना."

"पण पाटीवर माहं नाव..."

"हो, पाहिली होती ना मी. चांगली होती." आन् भिंग पुन्हा डोळ्यावर.

ती खरं बोलली का मले मोकळं केलं, काही कळलं नाही. खरं असन तं ज्याच्यासाठी मी नऊ-दहा महिने झोपलो नाही, ते तिच्या खिजगणतीत बी नव्हतं. मी "येतो" म्हटलं. तिनं "हो" म्हटलं, वर न पाहता.

परतीची एसटी गच्च भरलेली. बाजारातून निघता निघता तिच्या घरासमोरच्या वळणावर आली आन् ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. ताई रस्त्याच्या मधोमध उभी होती. सपरीत उजेड कमी पडला असन, म्हणून कोणाचा तरी बोर्ड घेऊन उन्हात आली होती, डोळ्याजवळ धरून फिरवून फिरवून पाहत होती. एक माणूस बकरी घेऊन तिच्या बाजूनं वळसा घालून गेला. आमचा ड्रायव्हर सकाळपासून म्हशीले, सायकलवाल्याइले, सगळ्याइले शिव्या घालत आला होता. त्यानं हॉर्नवर हात ठेवला. ताईनं मान वर न करता एक हात उचलला, थांब म्हणून.

ड्रायव्हरनं हात हॉर्नवरून काढून मांडीवर ठेवला.

मागून एक जण ओरडला, "काय झालं जी? काहून थांबवली?"

"ताई आहे ते," ड्रायव्हर म्हणे. "पाहू द्या तिले."

आन् साठ माणसं, दोन कोंबड्या आन् तुमसरचा हेडमिस्त्री, सगळे तिचं पाहून होयेपर्यंत तिथंच थांबलो.